मांसाचा माग: पाकिटावरचं 'मूळ' नेमकं काय सांगतं?

डेन्मार्कमध्ये एक डुक्कर जन्मतं. दूध सुटतं, ते खाद्याला लागतं आणि वजन ३० किलोच्या आसपास गेलं की बाकीच्या पिल्लांबरोबर ट्रकमध्ये चढतं. ट्रक जर्मनीत जातो. तिथल्या शेडमध्ये तीन-साडेतीन महिन्यांत ते शंभर किलोच्या पुढे जातं, तिथेच कापलं जातं आणि त्याच्या मांसाच्या पाकिटावर दोन ओळी छापल्या जातात: 'वाढवलं: जर्मनी', 'कत्तल: जर्मनी'. डेन्मार्कचं नाव कुठेच नाही.

यात खोटेपणा काहीच नाही. युरोपीय संघाच्या २०१३च्या नियमात 'वाढवलं' या शब्दाचा अर्थच तसा बांधून दिलाय. डुक्कर सहा महिन्यांच्या आत कापलं आणि तेव्हा त्याचं वजन किमान ८० किलो असलं, तर ३० किलो झाल्यानंतर ते ज्या देशात वाढलं तोच 'वाढवलं'चा देश. त्याआधीचं आयुष्य लेबलाच्या दृष्टीने घडलेलंच नाही. डेन्मार्कमधून अशी एक कोटीहून जास्त पिल्लं दरवर्षी बाहेर जातात, त्यामुळे हा काही कोपऱ्यातला अपवादही नव्हे.

सांगायचं हे की 'हे मांस कुठलं?' हा ऐकायला एक प्रश्न वाटला, तरी त्याच्या पोटात पाच-सहा प्रश्न आहेत. जनावर जन्मलं कुठे, वाढलं कुठे, कापलं कुठे, हाडं काढून तुकडे कुठे केले, खिमा कुठे झाला, पाकीट कुठे बंद झालं. सहाची उत्तरं सहा वेगवेगळी असू शकतात. कायद्याने जेवढी विचारली तेवढी लेबलावर येतात, बाकीच्यांबद्दल लेबल गप्प बसतं. आणि ती गप्प जागा आपण आपल्या समजुतीने भरून टाकतो.

कानातल्या बिल्ल्यापासून खोक्यापर्यंत

मोठ्या जनावरांपासून सुरुवात करू, कारण माग काढण्याची सगळ्यात पक्की व्यवस्था तिथेच आहे. युरोपात वासरू जन्मलं की २० दिवसांच्या आत त्याच्या दोन्ही कानांत बिल्ले मारावे लागतात. दोन्हीवर नंबर एकच. एक कुंपणात अडकून तुटला तर दुसरा असावा म्हणून जोडी. हा नंबर सरकारी नोंदीत चढतो. पुढे ते वासरू विकलं, बाजारात नेलं, दुसऱ्या गोठ्यात गेलं, की दरवेळी नोंद. आपल्या आधार क्रमांकासारखंच, फक्त इथे पत्ता बदलल्यावर कळवायला कुणी विसरून चालत नाही.

कत्तलखान्यात हा नंबर वाचला जातो आणि सोललेल्या धडाला त्या दिवसाचा अनुक्रमांक मिळतो. धडाचे उभे दोन भाग होतात, दोन्हींवर तोच क्रमांक. मग ते शीतगृहात टांगले जातात. इथवर सगळं चोख आहे. हुकाला लटकलेल्या त्या धडाकडे बोट दाखवून 'हे कुठलं?' असं विचारलंत, तर जन्मतारखेसकट उत्तर मिळेल.

खरी गंमत पुढच्या दारापलीकडे आहे. हाडं काढायच्या खोलीत लांबलचक पट्टा चालू असतो, दोन्ही बाजूंना सुऱ्या घेऊन माणसं उभी. एक जण फक्त खांदा सोडवतो, दुसरा फक्त पाठीचा भाग. कापताना निघणारी छाट, म्हणजे चरबीला चिकटलेले छोटे तुकडे, बाजूच्या टबात पडत राहते. धड आत गेलं तेव्हा ते एक जनावर होतं. दुसऱ्या टोकाला पाठीच्या मांसाची खोकी, खांद्याची खोकी आणि छाटीचे टब बाहेर येतात. एकेका खोक्यात कितीतरी जनावरांचे तुकडे असतात. इथे जनावराचा नंबर संपतो आणि 'लॉट नंबर' सुरू होतो. लॉट म्हणजे एकत्र कापलेला गट. चांगल्या कारखान्यात एकाच देशात जन्मलेली, वाढलेली जनावरं एका लॉटमध्ये घेतात आणि दोन लॉटच्या मध्ये पट्टा रिकामा करतात. 'ही गाय' या उत्तराची जागा आता 'या शे-सव्वाशे गायींपैकी काही' या उत्तराने घेतलेली असते.

आता तो छाटीचा टब बघा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यातच आहे. खिम्याला चरबीचं ठरावीक प्रमाण लागतं. धान्यावर पोसलेल्या जनावरांची छाट चरबीदार असते, ती नुसती दळून चालत नाही. तिच्यात कमी चरबीचं लाल मांस मिसळावं लागतं. अमेरिकेतले कारखाने असं मांस ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडून गोठवलेल्या ठोकळ्यांच्या रूपात मागवतात, कारण तिथली गुरं बहुतांशी गवतावर वाढतात. म्हणजे बर्गरच्या एका चकतीत दोन खंडांतलं मांस असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि जनावरं मोजायची म्हटली तर आकडा शेकड्यात जाऊ शकतो.

म्हणून कायदासुद्धा खिम्यापाशी आला की आवाज खाली करतो. युरोपात गोमांसाच्या तुकड्यावर जन्म, वाढ, कत्तल आणि कापणी, चारही लिहावं लागतं. खिमा केला की जन्म आणि वाढ वेगवेगळी लिहिण्यातून सवलत. डुकराच्या, मेंढीच्या किंवा कोंबडीच्या खिम्यावर तर 'युरोपीय संघातलं आणि संघाबाहेरचं' असं लिहूनही भागतं. संघातलं आणि संघाबाहेरचं म्हणजे थोडक्यात पृथ्वीवरचं. एवढं सांगायला लेबल कशाला हवं, असा प्रश्न पडतो खरा.

जपानने याहून कडक कायदा केला. २००१मध्ये तिथे 'मॅड काऊ' या गायींच्या मेंदूरोगाची पहिली गाय सापडली आणि २००३मध्ये प्रत्येक गुराला दहा आकडी क्रमांक द्यायचा कायदा आला. तो क्रमांक दुकानातल्या मांसाच्या तुकड्यावर किंवा दुकानातल्या पाटीवर असतो. सरकारी संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख, जात, नर की मादी, कुठून कुठे गेलं, कुठे कापलं, सगळं समोर येतं. याहून जास्त ग्राहकाने मागायचं तरी काय? पण त्या कायद्याच्या बाहेर काय ठेवलंय ते पाहा: खिमा, बारीक छाट आणि परदेशातून आलेलं मांस. कायदा कितीही कडक असो, मिसळलेल्या मांसापुढे तोही हात टेकतो.

कोंबडीचा हिशेब निराळाच. पाच-सहा आठवडे जगणाऱ्या पाखराला बिल्ला मारत बसणं कुणालाच परवडत नाही. तिथे माग असतो तो शेडचा: अमुक शेडमधला, अमुक दिवशी उचललेला थवा. कत्तलखान्यात थवे एकामागून एक घेतात. थव्यांची हद्द किती काटेकोरपणे पाळली, यावरच पुढचा माग अवलंबून.

माग कसा काढतात

माग काढण्याची जगभरची मूळ कल्पना अगदी साधी आहे: एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. युरोपात २००२च्या अन्नकायद्याने ती सक्तीची केली, अंमल २००५पासून. धंद्यातल्या प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला. संपूर्ण साखळी कुणा एकाच्या दप्तरात नसते. तपास करणारा दारोदार जातो. दुकानदार पुरवठादाराचं नाव सांगतो, पुरवठादार कारखान्याचं, कारखाना कत्तलखान्याचं. पारावर बसून 'तुला कुणी सांगितलं?' असं विचारत अफवेचा उगम शोधतात, तसंच.

या पद्धतीला एक भोक आहे आणि ते मोठं आहे. आवक लिहिली, जावक लिहिली, पण कारखान्याच्या चार भिंतींच्या आत कुठली आवक कुठल्या जावकीत गेली, हे जोडून दाखवायची सक्ती त्या मूळ कलमात स्पष्ट शब्दांत नाही. समजा सोमवारी पाच ठिकाणांहून माल आला आणि मंगळवारी आठ ठिकाणी गेला. एका पाकिटात दोष निघाला तर आठही ठिकाणचा माल परत बोलवायचा आणि पाचही पुरवठादारांवर संशय घ्यायचा. आतली नोंद चोख असेल तर एक लॉट परत बोलावून काम होतं. कारखानदारांना हे नुकसान सोसून कळतं, म्हणून शहाणे कारखाने कायदा विचारो न विचारो, आतला हिशेब ठेवतात.

माग हा नुसता कागदी सोपस्कार नाही हे ज्यांना पटत नाही, त्यांनी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण पाहावं. २०१७मध्ये तिथे लिस्टेरिया जंतूच्या संसर्गाचे रुग्ण अचानक वाढले. या जंतूचा त्रास असा की खाल्ल्यापासून आजारी पडेपर्यंत कधीकधी सत्तर दिवस जातात. दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी तुम्ही काय खाल्लं होतं? रुग्णांनाही आठवत नव्हतं. महिनोन् महिने उगम सापडेना. जानेवारी २०१८मध्ये सोवेटोतल्या एका बालवाडीतली मुलं एकदम आजारी पडली. बालवाडीत पोलोनी हे तयार मांसाचं सॉसेज होतं, त्याच्या नमुन्यात लिस्टेरिया सापडला. तिथून उलटा माग घेत तपास कारखान्यापर्यंत गेला. कारखान्यात मिळालेल्या जंतूची जनुकीय ओळख रुग्णांमधल्या जंतूशी जुळली आणि मार्चमध्ये उगम जाहीर झाला. तोवर हजारभर लोक आजारी पडले होते. साथ ओसरेपर्यंत दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत नवजात बाळं बरीच होती. माग लवकर लागला असता तर त्यांतली किती वाचली असती, याचा हिशेब मला करवत नाही.

ही सगळी यंत्रणा मुळात उभी राहिली तीही भीतीपोटीच. ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींचा नवा मेंदूरोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या अवशेषांपासून बनवलेलं खाद्य गायींनाच घातल्याने तो पसरला होता. १९९६च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने मान्य केलं की माणसांमधल्या एका जीवघेण्या नव्या आजाराचा या मांसाशी बहुधा संबंध आहे. एका रात्रीत गोमांसाच्या प्रत्येक तुकड्याला 'तू कुठला?' हा प्रश्न लागला, आणि बहुतेक तुकड्यांकडे उत्तर नव्हतं. गुरांचे पासपोर्ट, दोन बिल्ले, जन्म-वाढ-कत्तल असं लेबल, हे सगळं त्या प्रश्नाच्या पोटी आलं.

घोड्याचं मांस आणि चार आकडे

नोव्हेंबर २०१२मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुकानांतून गोमांसाचे बर्गर उचलले आणि डीएनए तपासला. निकाल जानेवारी २०१३मध्ये जाहीर झाला. २७ बर्गरपैकी १० मध्ये घोडा आणि २३ मध्ये डुक्कर. बऱ्याच नमुन्यांत नुसता अंश होता, पण एका बर्गरमध्ये गोमांसाच्या मानाने घोड्याचं मांस २९ टक्के निघालं. काही आठवड्यांत 'गोमांसाचे' म्हणून विकलेले गोठवलेले तयार पदार्थ युरोपभर परत बोलवावे लागले. त्यांतल्या काहींमध्ये जवळपास सगळं घोडाच होता.

फ्रान्समधल्या तपासात एका मालाचा प्रवास उलगडला. रोमानियातल्या कत्तलखान्यातून घोड्याचं मांस घोड्याचं म्हणूनच निघालं. सायप्रसमध्ये नोंदवलेल्या एका व्यापारी कंपनीने नेदरलँड्समधल्या दलालामार्फत ते फिरवलं, फ्रान्समधल्या एका कंपनीने घेतलं आणि लक्झेंबर्गच्या कारखान्यात त्याचे तयार पदार्थ झाले. वाटेत कुठेतरी घोड्याची गाय झाली. प्रत्येकाकडे कागद होते. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे, सगळं जागच्या जागी. कागदावरचा माग लागला, आणि म्हणूनच तर साखळी काही दिवसांत उघडी पडली. पण कागद होते म्हणून फसवणूक थांबली नव्हती.

यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक बारीक तपशील. आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा क्रमांक असतो. गोठवलेल्या गोमांसाचा ०२०२ ने सुरू होतो, घोड्याच्या मांसाचा ०२०५ ने. फ्रेंच सरकारचं म्हणणं होतं की मालाच्या कागदांवर घोड्याचा क्रमांक होता आणि तो वाचायला हवा होता. एका आकड्याचा फरक! खाद्यधंद्यातल्या माणसाला हा क्रमांक ओळखू येऊ नये, हे पटणं कठीण आहे. २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने या प्रकरणात शिक्षा सुनावल्या.

घोडा खाल्ल्याने कुणी मरत नाही, मग एवढा गहजब का, असं तेव्हाही काही जण म्हणाले. एक तर पैसे गायीचे घेतले होते. दुसरं म्हणजे घोड्यांना फिनाइलब्युटाझोन नावाचं वेदनाशामक सर्रास देतात, आणि ते दिलेल्या घोड्याचं मांस माणसाच्या अन्नात येऊ देत नाहीत. घोडा गाय म्हणून आला की ही चाळणीच बाजूला पडते. जनावर कोणतं हेच माहीत नसेल, तर त्याला कोणतं औषध दिलं होतं हे विचारणार कोण?

अशी लबाडी पकडायची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे वजनाचा ताळा. यंत्र लागत नाही, दप्तर आणि पेन्सिल पुरते. समजा एका कारखान्याने महिन्यात १०० गुरं घेतली, प्रत्येकी ६०० किलोंची. जिवंत वजन झालं ६०,००० किलो. कातडं, डोकं, पाय, आतडी वजा जाता धड उरतं साधारण ५५ टक्के, म्हणजे ३३,००० किलो. हाडं आणि जादा चरबी काढल्यावर त्यातलं सत्तरेक टक्के मांस मिळतं: २३,१०० किलो. पंचवीस किलोंच्या खोक्यांत भरलं तर ९२४ खोकी. गुरांची जात आणि खाद्य यांनुसार आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, हजारापर्यंत गेला तर समजू शकतो. पण त्याच १०० गुरांच्या नावावर जावक वहीत १,४०० खोकी दिसली, तर उरलेल्या मांसाला आई-बाप नाहीत. ते कुठून तरी आलंय आणि चांगल्या मुळाचं लेबल लावून बाहेर पडलंय. 'आमच्याच भागातलं', 'अमुकच जातीचं' असे महाग दावे तपासताना हिशेबनीस आधी हेच करतो: इतकं मांस निघण्याइतकी जनावरं होती तरी का?

प्रयोगशाळेला काय कळतं

डीएनए चाचणीबद्दल लोकांच्या मनात जरा जास्तच विश्वास असतो. ती दोन कामं उत्तम करते. मांस कोणत्या प्राण्याचं हे सांगते. आणि कत्तलीच्या वेळी प्रत्येक जनावराचा नमुना राखून ठेवला असेल, तर दुकानातला तुकडा त्याच जनावराचा आहे का हेही सांगते. जपानमध्ये असे नमुने राखून पडताळणी करतात. पण राखलेला नमुनाच नसेल, तर जुळवायचं कशाशी? आणि गाय कोणत्या देशात चरली, हे तिच्या डीएनएत लिहिलेलं नसतं. एकाच जातीची गाय दोन खंडांत सारखीच असते.

कुठे चरली, काय प्यायली, हे कळतं समस्थानिकांच्या चाचणीतून. शब्द अवघड आहे, कल्पना नाही. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू किंचित जड असतात. समुद्रावरून आलेला ढग आत सरकत जातो तसं जड पाणी आधी पडून जातं आणि आतल्या भागात तुलनेने हलकं पाणी बरसतं. जनावर तिथलं पाणी पितं, तिथलाच चारा खातं, आणि त्या पाण्याची खूण त्याच्या मांसात उतरते. कार्बनवरून ते मक्यावर पोसलं की थंड प्रदेशातल्या गवतावर, हे ओळखू येतं. स्ट्रॉन्शियमसारख्या मूलद्रव्यावरून खालच्या खडकाचा अंदाज येतो. पण ही चाचणी नकाशावर बोट ठेवून गाव दाखवत नाही. 'अमुक प्रदेशातलं आहे' हा दावा त्या प्रदेशातल्या खात्रीच्या नमुन्यांशी जुळतो की नाही, एवढंच सांगते. संशय पक्का करायला ती उत्तम, कोऱ्या पाटीवर उत्तर लिहायला नाही.

अलीकडे ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदवहीचा, बराच गवगवा आहे. एकदा लिहिलेली नोंद नंतर कुणाला गुपचूप बदलता येत नाही, हे खरं. पण पहिल्यांदाच खोटं लिहिलं तर ते खोटंच पक्कं कोरलं जातं. घोड्याला गाय म्हणणारा माणूस संगणकापुढे बसला म्हणून खरं बोलायला लागत नाही.

लेबलावरचे फसवे शब्द

युरोपातल्या मांसाच्या पाकिटावर लंबगोल शिक्का असतो: वर देशाची अक्षरं, मध्ये कारखान्याचा परवाना क्रमांक. पुष्कळ लोक त्या अक्षरांना मांसाचं मूळ समजतात. तो शिक्का सांगतो की हा माल या मान्यताप्राप्त ठिकाणी हाताळला किंवा पॅक केला. जनावर दुसऱ्याच देशात जन्मलेलं, वाढलेलं असू शकतं. शिक्का स्वच्छतेबद्दल बोलतो, आपण त्याला जन्मगाव विचारतो.

अमेरिकेतली गोष्ट आणखी वळणाची. बाहेरून आलेल्या मांसावर तिथल्या कारखान्यात थोडीफार प्रक्रिया झाली की 'अमेरिकेचं उत्पादन' असं लिहायला वर्षानुवर्षं मुभा होती. त्याआधी २००२च्या शेतीकायद्यात जन्म-वाढ-कत्तल सांगणारं लेबल सक्तीचं केलं होतं, पण कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. त्यांची जनावरं सीमा ओलांडून येत; वेगळी ठेवायच्या खर्चामुळे कारखाने ती घ्यायला नाखूश झाले, अशी तक्रार. अमेरिका हरली, वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त प्रत्युत्तरी करांची तलवार लटकू लागली आणि डिसेंबर २०१५मध्ये संसदेने गाय आणि डुकराच्या मांसावरून ही सक्ती उठवली. कोंबडी, मेंढी, बकरीवर ती राहिली. आता २०२४च्या नव्या नियमानुसार, १ जानेवारी २०२६पासून 'अमेरिकेचं उत्पादन' लिहायचं तर जन्म, वाढ, कत्तल आणि प्रक्रिया चारही तिथेच झालेली हवीत. गाय आणि डुकराच्या मांसावर लेबल लावायची सक्ती मात्र नाही. म्हणजे पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल, तर त्या कोरेपणातून काही अर्थ काढता येत नाही.

'नैसर्गिक', 'शेतावरचं ताजं' हे शब्द मुळाबद्दल काही सांगतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नये. 'प्रतिजैविकांशिवाय वाढवलेलं' हा दावा जरा ठोस वाटतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने हा दावा असलेल्या बाजारासाठी नेलेली गुरं तपासली तेव्हा साधारण २० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले, असं २०२४मध्ये जाहीर झालं. तेव्हा दाव्याच्या मागे बाहेरच्या कुणाची तपासणी आहे का, हे शोधायची सवय लावलेली बरी.

जिथे कागद पोहोचत नाही

मागाचा सगळ्यात अवघड भाग कत्तलखान्याच्या अलीकडे असतो, कारण जनावर आयुष्यात दोन-तीन मालकांच्या हातून जातं. ब्राझीलमध्ये हे ठळक दिसतं. अ‍ॅमेझॉनचं जंगल बेकायदा तोडून केलेल्या कुरणावर वासरू जन्मतं. मोठं झाल्यावर ते दुसऱ्या, कागदोपत्री स्वच्छ असलेल्या कुरणावर जातं, आणि कत्तलखान्याला विकतो तो दुसरा मालक. कत्तलखाना खऱ्या मनाने सांगू शकतो की आमचा पुरवठादार स्वच्छ आहे. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे त्याच्या दप्तरात नसतं. काळा पैसा पांढरा करतात तशी ही गुरं पांढरी होतात, आणि तिकडेही याला 'धुणं' असंच म्हणतात. डेन्मार्कचं डुक्कर आठवलं? तिथे कायद्याने लपतं, इथे कायद्याला चुकवून लपतं, पण जागा तीच: आयुष्याचा पहिला भाग. युरोपीय संघाने २०२३मध्ये जंगलतोडविरोधी कायदा करून गुरं जिथे जिथे ठेवली त्या सगळ्या जागांचे नकाशावरचे ठिकाण मागितले. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

हे जमूच शकत नाही असं नाही. उरुग्वेमध्ये माणसं पस्तीस लाखांच्या आसपास, गुरं त्याच्या तिपटीहून जास्त. २००१मध्ये लाळ्या-खुरकतीच्या साथीने निर्यात ठप्प झाली. त्या धड्यातून २००६पासून प्रत्येक वासराला इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा केला, आणि बिल्ले सरकार फुकट देतं. कत्तलखान्यात ठिकठिकाणी वजन आपोआप नोंदवणारी यंत्रं बसवली, म्हणजे ताळा रोजच्या रोज लागतो. छोट्या देशाचा पोटापाण्याचा धंदाच तो असल्याने त्यांना हे परवडलं, असं म्हणता येईल. पण न करणं त्यांना जास्त महाग पडलं होतं.

विकत घेणाऱ्याच्या हातात काय

एवढी मोठी साखळी ग्राहकाने तपासायची नाही, ते त्याचं काम नाही. पण किती मिसळलेलं मांस घ्यायचं, हे त्याच्या हातात असतं. हाडासकट तुकडा जनावराच्या सगळ्यात जवळचा. त्यानंतर बिनहाडाचा तुकडा, मग खिमा, मग सॉसेज, नगेट आणि तयार पदार्थ. या क्रमाने माग पुसट होत जातो. खिमाच हवा असेल तर समोर अखंड तुकडा निवडून करून घेता येतो. शंभर जनावरांची जागा एक जनावर घेतं. हा एक बदल माझ्या मते लेबलावरच्या कोणत्याही शब्दापेक्षा जास्त कामाचा आहे.

विकणाऱ्याला 'मांस चांगलं आहे ना?' असं विचारून उपयोग नसतो. 'नाही' म्हणणारा अजून जन्मलेला नाही. 'हे कोणत्या खोक्यातून निघालं? त्या खोक्यावरचं लेबल बघू?' असं विचारावं. लेबलाचं खोकं मागच्या बाजूला पडलेलं असतं. ज्याचा माल सरळ आहे तो दाखवतो. जो आधी नाक मुरडतो आणि मग दाखवतो, त्याच्याकडेही हरकत नाही. ज्याला खोकंच सापडत नाही, त्याच्याबाबत काय ते तुम्ही ठरवा. उत्तरात देशाचं नाव आलं तर पुढचा प्रश्न: 'तिथे जन्मलं, की तिथे कापलं?'

आणि घरी आल्यावर एक बारीकशी गोष्ट. मांस फ्रीझरमध्ये टाकताना आपण ते छोट्या पिशव्यांत वाटून ठेवतो आणि मूळ वेष्टण केराच्या टोपलीत जातं. दोन महिन्यांनी माल परत बोलावल्याची बातमी येते, 'अमुक लॉट नंबर असेल तर खाऊ नका', आणि आपल्या फ्रीझरमध्ये चार बिननावाच्या पिशव्या असतात. कानातल्या बिल्ल्यापासून जपत आणलेला माग आपल्याच ओट्यावर तुटतो. वेष्टणावरचा तो नंबराचा चौकोन कात्रीने कापायचा आणि पिशवीत मांसाच्या वर, बाहेरून दिसेल असा ठेवून द्यायचा.